सहाव्या वापरात कॅटॅलिस्ट ‘अचानक’ का बसला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पॅरा-क्लोरोनायट्रोबेंझिनचं (पुढे नुसतं ‘नायट्रो’) हायड्रोजनेशन करून, म्हणजे हायड्रोजनशी अभिक्रिया घडवून, पॅरा-क्लोरोॲनिलिन बनवायचं आहे. कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) घरचाच, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, कार्बनवर ५ टक्के प्लॅटिनम. ६०० मिलीच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) ४७.३ ग्रॅम नायट्रो (०.३ मोल), मिथेनॉल घालून एकूण ३०० मिली, कॅटॅलिस्ट कोरड्या वजनाने ०.५ ग्रॅम, ८० अंश सेल्सिअस, एकूण दाब १० बार, ८०० आरपीएम, वेळ तीन तास. पहिल्या पाच वापरांत कन्व्हर्जन, म्हणजे संपलेल्या नायट्रोचं प्रमाण, ९९ टक्क्यांच्या वर, सहाव्यात एकदम ७०. गंमत म्हणजे सिलेक्टिव्हिटी (संपलेल्या नायट्रोपैकी किती टक्क्यांचा हवा तोच माल झाला) पहिल्या वापरात ९७ होती, ती पाचव्यापर्यंत ९९.५ वर गेली. कॅटॅलिस्ट अचानक का मेला, आणि मरण्याआधी तो सुधारत कसा गेला?

माझं मत स्पष्ट आहे: तो अचानक मेलेला नाही आणि सुधारलेलाही नाही. दोन्ही भास प्रत्येक बॅच तीन तास चालवून शेवटी एकच नमुना काढल्यामुळे झालेले आहेत.

आधी साधा हिशेब करू. या अभिक्रियेत बराच काळ दर नायट्रोच्या संहतीवर अवलंबून नसतो, म्हणजे जवळपास शून्य कोटीचा असतो, कारण नायट्रो पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि तो भरलेलाच ठेवतो. समजा ताज्या कॅटॅलिस्टने काम ३० मिनिटांत संपतं आणि प्रत्येक वापरात ३५ टक्के सक्रियता जाते. मग दुसऱ्या वापराला ४६ मिनिटं लागतील, तिसऱ्याला ७१, चौथ्याला १०९, पाचव्याला १६८ आणि सहाव्याला २५९. तुम्ही १८० मिनिटांनी थांबता. पहिले पाचही वापर १०० टक्के दिसतात आणि सहावा ७० टक्क्यांवर अडकतो. तुमचे आकडे हुबेहूब असेच आहेत. पाचव्या वापराच्या सुरुवातीलाच कॅटॅलिस्टची पाचातली चार हिस्से ताकद गेलेली होती, तरी तक्त्यात ‘स्थिर’ असंच लिहिलं गेलं.

सिलेक्टिव्हिटीचंही तसंच. नायट्रो शिल्लक असेपर्यंत तो प्लॅटिनमवर जागा अडवून बसतो, त्यामुळे क्लोरोॲनिलिनला पृष्ठभाग फारसा मिळत नाही. नायट्रो संपला की जागा मोकळी होते आणि क्लोरीन तुटायला लागतो. पहिल्या वापरात काम अर्ध्या तासात उरकलं आणि पुढचे अडीच तास तयार माल हायड्रोजन आणि ताज्या प्लॅटिनमसोबत ८० अंशांवर ढवळत राहिला. त्यातून ॲनिलिन झालं. पाचव्या वापरात हा जादा वेळ १२ मिनिटांवर आला, म्हणून सिलेक्टिव्हिटी ‘सुधारली’. हे पडताळायला फार सोपं आहे. ताजा कॅटॅलिस्ट घ्या, हायड्रोजनचं शोषण थांबताच बॅच थंड करा आणि मग सिलेक्टिव्हिटी मोजा.

म्हणून पुनर्वापराची चाचणी अर्धवट कन्व्हर्जनवरच घ्यायची. प्रत्येक वापराचा सुरुवातीचा दर २० ते ३० टक्के कन्व्हर्जनपर्यंत मोजायचा आणि तोच तक्त्यात लिहायचा. वापरलेला कॅटॅलिस्ट पूर्ण बॅचमधून गेलेला हवा असेल तर बॅच पूर्ण करा, पण दर सुरुवातीचाच नोंदवा. १०० टक्के कन्व्हर्जनवरचे दहा पुनर्वापर एकाच गोष्टीची ग्वाही देतात: गरजेपेक्षा जास्त कॅटॅलिस्ट टाकला होता.

दर मोजायला नमुने काढण्यापेक्षा हायड्रोजनचं शोषण मोजणं कितीतरी चांगलं. ०.३ मोल नायट्रोला ०.९ मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे शून्य अंश आणि एका वातावरणाला सुमारे २०.२ लिटर. ऑटोक्लेव्हच्या वरच्या ३०० मिली मोकळ्या जागेत या स्थितीला जेमतेम ०.०८ मोल मावतो. तेव्हा बाहेर ज्ञात आकारमानाचं टाकीवजा भांडं जोडा, मध्ये प्रेशर रेग्युलेटर ठेवा, ऑटोक्लेव्हचा दाब कायम राखा आणि बाहेरच्या भांड्याचा दाब व तापमान दर काही सेकंदांनी नोंदवा. त्या घसरणीतून वक्र मिळतो.

हा वक्र नीट पाहायला शिका, त्यात बरंच काही लिहिलेलं असतं. नायट्रोपासून अमाइनपर्यंत जाताना वाटेत नायट्रोसो आणि हायड्रॉक्सिलअमाइन लागतात. हायड्रॉक्सिलअमाइनपर्यंत पोचायला तीनपैकी दोन हायड्रोजन लागतात, तिसरा शेवटच्या पायरीला. तुमच्या बॅचमध्ये सुमारे १३.४ लिटरपाशी रेषेला स्पष्ट कोपर दिसलं आणि पुढे उतार मंद झाला, तर समजायचं की हायड्रॉक्सिलअमाइन साचलंय. वक्र सरळ २० लिटरपर्यंत जाऊन तुटला तर साचलेलं नाही. क्लोरीनसारखे गट असलेल्या नायट्रो संयुगांवर प्लॅटिनम वापरताना हे साचणं नेहमीचंच आहे.

हे साचणं तीन कारणांनी वाईट. एक, हायड्रॉक्सिलअमाइन आणि नायट्रोसो एकमेकांशी जुळून ॲझॉक्सी बनतं, त्यातून ॲझो. ही पिवळी-नारिंगी संयुगं आणि त्यापुढची डांबरासारखी घाण कॅटॅलिस्टच्या छिद्रांत बसते. दोन, ॲरिल हायड्रॉक्सिलअमाइन अस्थिर असतात. तापमान वाढलं तर हायड्रोजन नसतानाही त्यांचं उष्णता सोडत विघटन होतं. म्हणजे हायड्रोजन बंद केला की धोका संपला, हे या टप्प्यावर खरं नाही. तीन, ते गॅस क्रोमॅटोग्राफीत (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीत) दिसत नाहीत. गरम इंजेक्टरमध्ये त्यांचं रूपांतर अमाइन आणि इतर पदार्थांत होतं आणि आलेख बघून वाटतं की सगळं छान झालंय. एचपीएलसी (द्रवातच घटक वेगळे करणारी पद्धत) वापरा, नमुना काढल्याबरोबर थंड करा आणि लगेच इंजेक्ट करा. अल्प प्रमाणात व्हॅनेडियमचं संयुग मिसळलं तर हायड्रॉक्सिलअमाइनचा साठा खूप कमी होतो. कोपर दिसत असेल तर हा उपाय नक्की करून पाहा.

नमुन्याबद्दल एक बारीक गोष्ट. नायट्रो ८३ अंशांना वितळतो आणि गार मिथेनॉलमध्ये त्याचे स्फटिक पडतात. नमुन्याच्या नळीत ते अडकले की आलेखात नायट्रो कमी आणि कन्व्हर्जन जास्त दिसतं. नळीतला पहिला भाग टाकून द्या आणि नमुना थेट मोजलेल्या कोमट मिथेनॉलमध्ये घ्या.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जो दर मोजणार आहात तो खरंच कॅटॅलिस्टचा आहे का? ३० मिनिटांत ०.९ मोल हायड्रोजन ३०० मिलीमध्ये गेला तर सरासरी दर लिटरला सेकंदाला १.७ मिलिमोल पडतो. ८० अंशांना मिथेनॉलच्या वाफेचाच दाब सुमारे १.८ बार असतो, म्हणजे तुमच्या १० बारमधला हायड्रोजन ८ बारच्या आसपास. त्या दाबाला मिथेनॉलमध्ये ढोबळमानाने लिटरला ४० मिलिमोल हायड्रोजन विरघळतो. दराला या आकड्याने भागलं तर ०.०४ प्रति सेकंद येतं. वायू-द्रव हस्तांतरणाचा गुणांक (हायड्रोजन द्रवात किती वेगाने शिरतो त्याचं माप) निदान एवढा हवा, तोही द्रवातला हायड्रोजन पार शून्यावर आला असं धरून. साध्या पंख्याच्या ऑटोक्लेव्हमध्ये ८०० आरपीएमला हा गुणांक याच टप्प्यात असू शकतो. म्हणजे ताज्या कॅटॅलिस्टचा वेग कदाचित तुमच्या स्टररने ठरवलेला आहे. तसं असेल तर पहिल्या एकदोन वापरांत सक्रियता घटूनही दर तोच दिसेल आणि खरी घसरण वरच्या हिशेबापेक्षाही जास्त असेल.

हे तपासायला सगळे आरपीएम बदलून बघतात. ते करावंच, ६०० पासून १२०० पर्यंत. पण तेवढ्यावर थांबू नये. कॅटॅलिस्टची बारीक पूड द्रवाबरोबरच फिरत असते, त्यामुळे ढवळणं वाढवून द्रव आणि कण यांच्यामधला अडथळा फार कमी होत नाही आणि कणाच्या आतला तर मुळीच नाही. त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे कॅटॅलिस्टचं वजन बदलणं: ०.१, ०.२, ०.३ आणि ०.५ ग्रॅम. दर वजनाच्या प्रमाणात वाढला तर वायू-द्रव हस्तांतरण आड येत नाही. वजन दुप्पट करूनही दर हलला नाही तर तुम्ही स्टरर मोजताय. दराचा व्यस्त आणि वजनाचा व्यस्त असा आलेख काढला की सरळ रेषा येते आणि उभ्या अक्षावरचा छेद म्हणजे वायू-द्रव अडथळा. पोकळ दांड्याचा, वायू आत ओढणारा स्टरर आणि बॅफल (भांड्याच्या आतल्या उभ्या पट्ट्या) बसवले तर हा अडथळा पटकन कमी होतो. नाहीतर ०.१ ग्रॅमवरच काम करा.

कणाच्या आतल्या विसरणाची, म्हणजे छिद्रांतून रेणू आत झिरपण्याची, गोष्ट वेगळी, आणि ती बहुतेक जण सोडून देतात. वाइझ-प्रेटर निकष सांगतो: कॅटॅलिस्टच्या आकारमानामागचा मोजलेला दर गुणिले कणाच्या त्रिज्येचा वर्ग, भागिले परिणामी विसरणांक आणि पृष्ठभागावरची हायड्रोजनची संहती, हे ०.३ पेक्षा बरंच कमी असावं. ३० मायक्रॉन व्यासाच्या कणासाठी तुमच्या पहिल्या वापराचे आकडे टाकले तर उत्तर सहज १ च्या वर जातं. कॅटॅलिस्टचं वजन कमी करून यातून सुटका नाही, कारण दर ग्रॅममागचा वेग तोच राहतो. तापमान उतरवा, कण चाळून बारीक घ्या किंवा प्लॅटिनमचं प्रमाण कमी करा. सर्वांत पक्का पुरावा मॅडन आणि बूडार्ट यांच्या १९८२ च्या पद्धतीने मिळतो: त्याच कार्बनवर १ टक्का आणि ५ टक्के असे दोन कॅटॅलिस्ट करा, विखुरण (एकूण प्लॅटिनमपैकी पृष्ठभागावर असलेल्या अणूंचं प्रमाण) सारखं ठेवा, आणि पृष्ठभागावरच्या प्रत्येक प्लॅटिनम अणूमागचा दर दोन तापमानांना तपासा. दोन्हींचा सारखा आला तरच तो आकडा कॅटॅलिस्टचा. मोजलेली सक्रियण ऊर्जा २० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास येत असेल तर विसरणाचा संशय घ्याच. बाजारातल्या अनेक प्लॅटिनम-कार्बन कॅटॅलिस्टमध्ये धातू कणाच्या बाहेरच्या पातळ थरातच ठेवलेला असतो, त्यामागे हेच कारण आहे.

एवढं झाल्यावर खरी घसरण हातात येईल. मग कारण शोधायचं. माझा क्रम असा: आधी वजन, मग विष, मग घाण, मग धातूची गळती आणि शेवटी प्लॅटिनमच्या कणांची वाढ. सूक्ष्मदर्शकाचे फोटो काढायची घाई बहुतेकांना असते. ते सगळ्यात शेवटी.

वजन म्हणजे शब्दशः वजन. ०.५ ग्रॅम पुडीतून ३० ते ५० मिलिग्रॅम फिल्टरवर, स्टररच्या पात्यांवर आणि नमुन्याच्या नळीत राहून जाणं अगदी नेहमीचं आहे. दर वेळी १० टक्के गेली तर पाच गाळण्यांनंतर ५९ टक्केच उरते. यासाठी वापरलेल्या कॅटॅलिस्टचा ओला केक तोलू नका. त्यातला छोटा भाग वेगळा वाळवून, जाळून, राख आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून आयसीपीवर, म्हणजे धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, प्लॅटिनम मोजा आणि अभिक्रियेचा वेग प्रत्येक मिलिग्रॅम प्लॅटिनममागे लिहा. शक्य असेल तर गाळूच नका: ऑटोक्लेव्हमध्ये सिंटर्ड फिल्टर लावलेली नळी बसवा, द्रव बाहेर ढकला आणि कॅटॅलिस्ट आतच ठेवून पुढची बॅच भरा.

विषाचा हिशेब बघितला की डोळे उघडतात. ०.५ ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये २५ मिलिग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे ०.१२८ मिलिमोल. विखुरण ३० टक्के धरलं तर पृष्ठभागावर ०.०३८ मिलिमोल अणू. नायट्रोमध्ये फक्त १० पीपीएम गंधक असेल तर एका बॅचमागे ०.४७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१५ मिलिमोल गंधक आलं. एकाच बॅचमधलं गंधक पृष्ठभागावरच्या ३८ टक्के अणूंना पुरतं. तीन बॅचमध्ये सगळ्यांना पुरून उरतं. आणि एक गंधक अणू शेजारच्या एकाहून जास्त प्लॅटिनम अणूंना निकामी करू शकतो. ९९.९ टक्के शुद्धतेचं प्रमाणपत्र याबाबत काहीही सांगत नाही. मात्र एकूण गंधकाच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. नायट्रेशनमधून राहिलेलं सल्फेट असेल तर त्याचा गंधक ऑक्सिजनने वेढलेला असतो आणि प्लॅटिनमला सहसा धरत नाही. थायोफीन, थायोल, सल्फाइड यांचा उघडा गंधक मात्र घट्ट धरतो. म्हणून प्रयोगानेच ठरवा. नायट्रोचा अर्धा भाग मिथेनॉलमधून पुन्हा स्फटिकवून घ्या किंवा त्याच्या द्रावणावरून थोडा वापरलेला कॅटॅलिस्ट फिरवून विष आधीच शोषून घ्या. शुद्ध केलेल्या भागावर घसरण थांबली तर गुन्हेगार कच्च्या मालात आहे.

त्याच्या जोडीला कॅटॅलिस्ट आणि द्रावण यांची अदलाबदल करा. ताजा कॅटॅलिस्ट पाचव्या बॅचच्या गाळलेल्या द्रावणात टाकून, वर ताजा नायट्रो घालून दर बघा. तो मंद निघाला तर दोष द्रावणातल्या कशाचा तरी, बहुधा अमाइनचा, पाण्याचा किंवा सुटलेल्या क्लोराइडचा. वेगवान निघाला तर दोष कॅटॅलिस्टच्या अंगावर आहे. मग वापरलेला कॅटॅलिस्ट गरम मिथेनॉलने, नंतर डायमिथाइलफॉर्ममाइडने धुऊन बघा. धुण्यातून लाल-नारिंगी रंग निघाला आणि दर बराचसा परत आला तर ती ॲझॉक्सीची घाण होती, आणि इलाज हायड्रॉक्सिलअमाइन साचू न देणं हाच. धुऊन काहीच फरक पडला नाही तर विष किंवा कणवाढ.

क्लोराइडकडे दुर्लक्ष करू नका. ३ टक्के क्लोरीन तुटला तर ९ मिलिमोल क्लोराइड सुटतं, म्हणजे द्रावणात लिटरला हजार मिलिग्रॅमच्या वर. गरम, ओल्या मिथेनॉलमध्ये एवढं क्लोराइड ३१६ स्टीलला खड्डे पाडू शकतं आणि सुटलेलं लोह व निकेल कॅटॅलिस्टवर येऊन बसतं. वापरलेल्या कॅटॅलिस्टच्या आयसीपीमध्ये प्लॅटिनमबरोबर लोह, निकेल आणि क्रोमियमही मागा. क्लोरीन तुटणं मुळातच आवरायला दोन मार्ग आहेत: नायट्रो संपताच बॅच थांबवणं आणि गंधकाने मुद्दाम मवाळ केलेला प्लॅटिनम-कार्बन वापरणं. दुसऱ्या मार्गात वेग कमी होतो, दाब आणि तापमान वाढवावं लागतं, पण हॅलोजनचं रक्षण फार चांगलं होतं.

धातूची गळती तपासताना द्रावण गरम असतानाच आणि हायड्रोजनच्या दाबाखालीच गाळा. थंड करून, हवा लागल्यावर गाळलं तर दोन्हीकडून चूक होते: विरघळलेला धातू परत कार्बनवर बसू शकतो, किंवा हायड्रोजन गेल्यावर आधी न विरघळलेला विरघळू शकतो.

कॅटॅलिस्ट पुन्हा बनवताना दोनतीन गोष्टी पाळा. १० ग्रॅमसाठी ९.५ ग्रॅम कार्बन हे वजन कोरड्या कार्बनचं. न वाळवलेल्या कार्बनमध्ये पाणी भरपूर असतं. ११० अंशांना रात्रभर वाळवून तोला. ०.५ ग्रॅम प्लॅटिनमसाठी हेक्साक्लोरोप्लॅटिनिक ॲसिडचं हेक्साहायड्रेट १.३३ ग्रॅम लागतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा बाटलीवरच्या प्लॅटिनमच्या टक्केवारीवरून वजन काढा. छिद्रांचं आकारमान आधी थेंबाथेंबाने पाणी टाकून मोजा आणि तेवढ्याच द्रावणात क्षार विरघळवा. वाळवल्यावर नायट्रोजनमधल्या ५ टक्के हायड्रोजनमध्ये मिनिटाला २ अंश या गतीने २५० अंशांपर्यंत नेऊन दोन तास ठेवा. नंतर पाण्याने धुवा, धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर गढूळपणा येईनासा होईपर्यंत; उरलेलं क्लोराइड कणांची वाढ घडवतं. कार्बनचा लॉट बदलला तर कॅटॅलिस्ट नवा समजा. १९०९ मध्ये अमोनियाच्या कॅटॅलिस्टचा शोध घेताना जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीतल्या मित्ताश यांच्या गटाला स्वीडनच्या येल्लिवारे खाणीतला मॅग्नेटाइट इतर लोहांपेक्षा कितीतरी सरस आढळला, आणि तो सरस होता त्यातल्या अशुद्धतेमुळे. त्या एका निरीक्षणातून ॲल्युमिना आणि पोटॅशचे प्रवर्तक सापडले. तुमच्या कार्बनची राखही तशीच काहीतरी करत असते, चांगलं किंवा वाईट, म्हणून तिचं विश्लेषण हाताशी असू द्या.

सुरक्षेचं आधी लिहायला हवं होतं असं काहींना वाटेल, पण आकडे समोर आल्यावर ते जास्त पटतं. एक मोल नायट्रोमागे सुमारे ५५० किलोज्यूल उष्णता सुटते. तुमच्या बॅचमध्ये ती १६५ किलोज्यूल. थंडावा बंद पडला आणि सगळी आतच राहिली तर तापमान २०० अंशांहून जास्त वाढेल. म्हणून हायड्रोजनची वाट अरुंद ठेवा, म्हणजे उष्णतेचा वेग तुमच्या हातात राहतो. आणि कोपर दिसणाऱ्या बॅचला मध्येच हायड्रोजन तोडून गरम अवस्थेत सोडून देऊ नका. आधी थंड करा. कोरडा कॅटॅलिस्ट मिथेनॉलच्या वाफेत कधीच टाकू नका: आधी नायट्रोजन, मग पाण्याने ओला केलेला कॅटॅलिस्ट, मग द्रव. हायड्रोजन लागलेला केक फिल्टरवर हवा ओढून कोरडा केला तर पेट घेतो. तो नायट्रोजनखाली, ओला असतानाच हलवा. नायट्रो आणि अमाइन दोन्ही त्वचेतून शरीरात जातात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवतात. ओठ-नखं निळी पडली तर लगेच वैद्यकीय मदत घ्या.

उद्यापासून करायचं ते एवढंच: ०.१ ग्रॅम ताजा कॅटॅलिस्ट, शोषणाचा वक्र, आणि सुरुवातीचा वेग २५ टक्के कन्व्हर्जनपर्यंत मोजलेला. तोच प्रयोग स्फटिकवलेल्या नायट्रोवर. मग दोन्हींचे प्रत्येकी तीन पुनर्वापर. प्रत्येक वापरातला थोडा कॅटॅलिस्ट ओलाच, नायट्रोजनखाली, तारीख लिहून बाजूला ठेवा. घसरण फक्त न स्फटिकवलेल्या मालावर दिसली तर सहाव्या वापरातला तो कॅटॅलिस्ट पुन्हा जिवंत करायच्या मागे लागू नका. गंधकाने भरलेलं प्लॅटिनम धुऊन सहसा परत येत नाही आणि हवेत जाळायला जावं तर कार्बनच जळतो; ते धातू परत मिळवणाऱ्याकडे पाठवा आणि शुद्धीकरणाची पायरी कच्च्या मालाला लावा.